दगडी भिंतीवर पुन्हा पुन्हा येणारी पांढरी पूड: काय तपासायचं, कुठे हात आवरायचा

दिवाळीची आवराआवर झाली की माझा फोन वाजायला लागतो. "गेल्या वर्षी सगळं घासून घेतलं, वरून ते पारदर्शक पॉलिशही मारलं, तरी पुन्हा पांढरं फुटलंय." कधी वाडा असतो, कधी देवळाचा सभामंडप, कधी कुणाच्या आजोबांनी बांधलेलं काळ्या दगडाचं जोतं. एकोणीस वर्षं मी सातारा-वाईच्या पट्ट्यात दगड-चुन्याची दुरुस्ती करतोय, आणि निम्म्याहून जास्त बोलावणी ह्या एकाच तक्रारीची असतात. आमच्याकडे ह्याला लोणा लागणं म्हणतात, काही जण खार फुटणं म्हणतात.

मी पोचेपर्यंत कुणीतरी आधीच खर्च करून मोकळं झालेलं असतं. ॲसिडने धुतलेलं असतं, सिमेंटने दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरलेल्या असतात, वर वॉटरप्रूफ कोट चढवलेला असतो. हे सगळं निस्तरण्यातच माझे पहिले चार दिवस जातात. म्हणून हा लेख. तपासण्या फुकटापासून महागाकडे लावल्या आहेत. मधली पायरी गाळू नका. शेवटच्या पायऱ्या आधी केल्या तर नुसते पैसे वाया जात नाहीत, भिंतही जाते.

लक्षणं

तुमच्या भिंतीवर ह्यांतलं नेमकं काय दिसतंय ते आधी बघा, कारण सगळं पांढरं एक नसतं.

- बोटाला लागणारी, फुंकर मारली की उडणारी पूड. बहुतेक वेळा जोत्यापासून गुडघ्यापर्यंत किंवा कमरेपर्यंत. पावसाळ्यात गायब होते आणि कार्तिकात परत येते.
- कापसासारखे बारीक पांढरे केस. लोक ह्याला बुरशी समजतात.
- नखाने न निघणारे कडक पांढरे ओघळ, कमानीच्या पोटात किंवा छताच्या दगडांच्या सांध्यातून उतरलेले.
- दगडाचे पापुद्रे सुटणं. कोरीव कमळाच्या पाकळ्यांच्या कडा बोथट होणं, कीर्तिमुखाचं नाक झिजणं.
- सिमेंटची दरज जिथल्या तिथे शाबूत, पण तिच्या दोन्ही बाजूंचा दगड खाऊन आत गेलेला. हे दिसलं तर दुखणं जुनं आहे.
- सांध्यातून उतरलेला तांबूस ओघळ.
- पांढरे किंवा हिरवट ठिपके, जे वर्षानुवर्षं तेवढेच राहतात.

शेवटच्या लक्षणापासूनच सुरुवात करू. त्याला औषधच लागत नाही.

ते ठिपके दगडाचेच तर नाहीत?

ह्या तपासणीला एक टॉर्च आणि दहा मिनिटं पुरतात.

आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा. थर थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि जागच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून गरम पाणी मुरत गेलं, आणि त्या पाण्याने पोकळ्यांत खनिजं आणून बसवली. बहुतेक झिओलाइट गटातली, जोडीला कॅल्साइट आणि गारगोटी. खडकातली ही खनिजं ज्या सौंदर्याला पोचतात ते बघायचं असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन या. स्टिल्बाइटचे पेंढीसारखे झुबके, हुलँडाइटची शिंपल्यासारखी झाक, अपोफिलाइटचे काचेसारखे स्फटिक तिथे आहेत. तुमच्या चौकटीतला वाटाण्याएवढा पांढरा ठिपका हा त्यांचाच गरीब भाऊ.

ओळखायचं कसं? दिवे मालवा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा धरा. खनिजाचा ठिपका गोल किंवा बदामाच्या आकाराचा असतो, त्याची कड स्पष्ट असते, तो दगडाच्या पृष्ठभागाशी सपाट बसलेला असतो आणि टॉर्च हलवला की त्यातला एखादा कंगोरा चमकून विझतो. लोण्याचं तसं नाही. तो पृष्ठभागाच्या वर बसतो, त्याला कड नसते, दरजेवरून दगडावर आणि दगडावरून दरजेवर बिनदिक्कत पसरतो. तरीही शंका असेल तर ठिपक्याभोवती पेन्सिलीने गोल करा, मोबाइलवर फोटो काढा आणि महिन्याने पुन्हा बघा.

हिरव्याचंही तेच. पोकळीच्या आतून रंग दिल्यासारखा निळसर हिरवा थर असेल आणि ओल्या बोटाला बुळबुळीत लागत नसेल, तर ते शेवाळ नसून सेलाडोनाइट असण्याचीच शक्यता जास्त. अजिंठ्याच्या चित्रकारांनी हिरव्या रंगासाठी जी हिरवी माती वापरली, ती ह्याच जातीच्या खनिजांची. ते ब्लीचने धुवायला निघू नका.

एका वाड्यात जावईबापूंनी सासरेबुवांना खूश करायला ड्रिल मशिनला तारेचा ब्रश लावून अख्ख्या चौकटीतले पांढरे ठिपके उकरून काढले होते. "साहेब, आतपर्यंत बुरशी होती हो," असं मला कौतुकाने दाखवलं. शंभरेक खड्डे पडले होते. झिओलाइट मुळातच दगडापेक्षा मऊ, त्यामुळे भराभर निघालं. आता त्या प्रत्येक खड्ड्यात पावसाचं पाणी थांबतं.

ठिपके दगडाचेच आहेत हे कळल्यावर एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा: ते किती दाट आहेत. तळहाताएवढ्या जागेत पाच-सात असतील तर विषय संपला. पण दगड तीळ लावलेल्या भाकरीसारखा दिसत असेल, वर त्यात मातकट लालसर झाक असेल, तर हा विहिरी खोदणाऱ्यांचा मांजऱ्या. पोकळ्यांचा, कमी ताकदीचा, पाणी पिणारा. त्यातली चिकणमातीसारखी खनिजं पाणी लागलं की फुगतात आणि सुकली की आक्रसतात. असा दगड लोण्याला सगळ्यात आधी बळी पडतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

पूड मिठाची की चुन्याची?

मऊ ब्रशने थोडी पूड कागदावर झाडून घ्या आणि दोन वाट्यांत वाटून टाका. एका वाटीत चमचाभर साधं पाणी घाला. विरघळली तर क्षार, म्हणजे मीठ, खारा, सोरा ह्यांपैकी काहीतरी. नाही विरघळली तर दुसऱ्या वाटीत लिंबू पिळा. फसफसली तर चुना.

पाण्याची वाटी आधी आणि लिंबाची नंतर, हा क्रम मुद्दाम सांगतोय. धुण्याचा सोडासुद्धा लिंबाने फसफसतो, पण तो पाण्यात विरघळतो. फक्त लिंबू पिळून "चुना आहे" म्हणून मोकळे झालेले दोन जण मला भेटलेत. दोन्ही वाट्यांत काहीच झालं नाही तर तो दगडाचाच भुगा असेल, नाहीतर जवळपासच्या पीओपीच्या कामाचं जिप्सम.

ह्या दोन वाट्यांनी पुढची दिशा ठरते. चुना निघाला तर पाणी वरून येतंय: छतातल्या किंवा कमानीतल्या चुन्यातून झिरपत, त्याला सोबत घेऊन बाहेर पडतंय आणि हवेत आल्यावर कडक होतंय. क्षार निघाले तर पाणी बहुधा खालून किंवा बाजूने येतंय.

लिंबू वाटीतच. भिंतीवर लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुवायचं ॲसिड ओतू नका. ॲसिड दरजेतला चुना खातं, आणि संडासाचं ॲसिड तर जाताना क्लोराइडचे क्षार मागे ठेवून जातं. ते हवेतलं पाणी ओढत राहतात. म्हणजे जी भिंत चार महिने ओली होती ती बारा महिने ओली.

रोज कोण पाणी घालतं?

हे विचारलं की लोक जरा दुखावतात. "आम्ही कशाला पाणी घालू?"

एका गावातल्या देवळाचा सभामंडप. खांब सुंदर, खाली चौरस, मध्ये अष्टकोनी, वर तोड्यांवर बसक्या बाया. पण प्रत्येक खांबाचा खालचा हातभर भाग सोललेला. छत कोरडं, बाहेरची जमीन उताराची, पाण्याचा कुठे मागमूस नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे काकड आरतीच्या आधी जाऊन बसलो. एक मावशी आल्या, बादलीत धुण्याची पावडर कालवली आणि खराट्याने फरशीपासून खांबापर्यंत फेस फेस करून सोडला. अतिशय भक्तिभावाने, बारा वर्षं, रोज.

धुण्याच्या पावडरीत सोडा असतो आणि भर म्हणून सोडियम सल्फेटही असतं. दगडाच्या दृष्टीने सोडियम सल्फेटइतका वाईट क्षार शोधून सापडणार नाही. कोरडं असताना तो बारीक पूड बनून छिद्रांत बसतो. ओल मिळाली आणि गारवा असला, साधारण 32 अंशांच्या खाली, की एकेक रेणू पाण्याचे दहा रेणू धरतो आणि त्याचं आकारमान चौपटीच्या आसपास जातं. छिद्र तेवढंच, क्षार चौपट. दगडाला फुटण्यावाचून गत्यंतर नसतं. रात्री फुगायचं, दुपारी सुकायचं, पुन्हा धुतलं की पुन्हा फुगायचं.

मावशींना मी काही बोललो नाही, विश्वस्तांना सांगितलं. पावडर बंद झाली, साधं पाणी आणि लगेच कोरडं पुसणं सुरू झालं. पुढच्या वर्षी पूड आली, पण निम्मीच. तिसऱ्या वर्षी नावापुरती.

अभिषेकाचं पाणी कुठून बाहेर जातं तेही बघा. गाभाऱ्याची प्रणालिका, म्हणजे बाहेरचं मकरमुख, हार-फुलांनी तुंबली की पाणी भिंतीत शिरतं. दूध, दही, मध, उसाचा रस ह्यांनी क्षारांसोबत किडे आणि बुरशीही येते. वाड्यांत बघायच्या जागा वेगळ्या: भिंतीला टेकून ठेवलेला पाण्याचा ड्रम, कुंड्यांची रांग, एसीचा सोडून दिलेला पाइप.

वरचं पाणी

एका जोरदार पावसात छत्री घेऊन घराभोवती चक्कर मारा. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीचा इथे काही उपयोग नाही, हे अनुभवाने सांगतो. पन्हाळ कुठे ओघळते, पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर किती उडतं, छज्जाच्या दगडाखालची पाणी तोडणारी खाच रंगाने बुजलीय का, ते बघा. शिखरावर किंवा कमानीच्या खांद्यावर पिंपळाचं रोप असेल तर ते उपटू नका. मूळ दरजेत राहतं आणि दुप्पट जोमाने येतं, शिवाय उपटताना दगड सैल होतो. रोप लहान असेल तर कापून मुळाचं काय करायचं ते जाणत्याला विचारा; मनगटाएवढं जाड असेल तर हात लावू नका, पुढे "थांबा" ह्या भागात सांगितलाय तसा इंजिनिअर बोलवा.

बाहेरची जमीन वर आलीय का?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच, आणि सगळ्यात कमी लोकांना पटणारंही हेच.

घराच्या आतल्या फरशीपासून बाहेरच्या जमिनीपर्यंतची उंची मोजा. जुन्या बांधकामात जोतं चांगलं दोन-तीन फूट वर असायचं. मग रस्ता डांबरी झाला, त्यावर काँक्रीटचा झाला, मग गल्लीत पेव्हर ब्लॉक आले, आणि प्रत्येक वेळी चार-सहा इंच चढत गेले. आजोबांना वाड्यात शिरताना पाच पायऱ्या चढाव्या लागत, नातवाला दोनच लागतात. बाकीच्या तीन पायऱ्या आणि तेवढं जोतं मातीखाली आहे.

चांगला घट्ट काळा पाषाण फार कमी पाणी पितो, वजनाच्या एक टक्क्यापेक्षाही कमी. मग भिंत ओली कशी होते? कारण जुनी दगडी भिंत अखंड दगडाची नसते. बाहेर घडीव दगड, आत घडीव दगड आणि मधे लहान दगड, चुना, माती, विटांचे तुकडे यांची भर. पाणी ह्या भरावातून आणि दरजांतून वातीसारखं चढतं. पूर्वी चढलेलं पाणी जोत्याच्या दरजांतून आणि बाजूच्या उघड्या मातीतून उडून जायचं. आता भिंतीच्या मुळापर्यंत काँक्रीट भिडवलंय, मातीतली वाफ निघायला एकच वाट उरली आहे: तुमची भिंत.

उपाय साधा आहे. भिंतीलगत दीड-दोन फूट रुंदीची पट्टी उखडा, वीतभर खोल माती काढा, भिंतीपासून दूर उतार द्या आणि सुटी खडी भरा. दोन मजूर, दोन दिवस. बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या वर गेली असेल तर खोल चर लागेल, पण तो पायाजवळ स्वतः खणू नका. जुन्या वाड्यांचे पाये किती खोल आहेत ते खणल्याशिवाय कळत नाही, आणि खणल्यावर कळून उपयोग नसतो.

आणखी एक प्रश्न घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा: ह्या भिंतीपलीकडे पूर्वी गोठा होता का, संडास होता का? जनावरांच्या मुताने मातीत नायट्रेट साठतात. तोच सोरा, पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी अशा जागांची माती खरवडून नेत. गोठा मोडून चाळीस वर्षं झाली तरी क्षार भिंतीतच असतात आणि दमट हवा आली की पाणी ओढतात. पाण्याचा कुठलाच स्रोत नसताना भिंत आभाळ भरलं की ओली आणि ऊन पडलं की कोरडी होत असेल, तर बहुतेक हेच.

ओल आतून येतेय की हवेतून?

इथपर्यंत काहीच सापडलं नसेल तर ही चाचणी करा. हातभर प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर खोलीतली हवा दमट आहे: स्वयंपाकाची वाफ, बंद खिडक्या, आत वाळत घातलेले कपडे. मग दुरुस्ती म्हणजे खिडकी उघडणं. ही चाचणी भर पावसाळ्यात करू नका, दोन्ही बाजू ओल्या येतील आणि तुम्ही तिथेच याल.

दरजा

आता खर्चाची पायरी. आधीच्या पायऱ्यांत सापडलेलं पाणी बंद केल्याशिवाय इथे येऊ नका.

दरज कशाची आहे? पडक्या कोपऱ्यातली दरज जुन्या किल्लीने खरवडा. चुन्याची असेल तर पांढरट-बदामी चुरा पडेल. करडी, कडक आणि किल्ली नुसती घसरत असेल तर सिमेंट. सिमेंट वाईट का, ह्यावर मी गवंड्यांशी तासन्‌तास भांडलोय. गवंड्याचं म्हणणं असतं: मजबूत आहे ना? मजबूत आहे, हीच अडचण आहे. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते. पाणी तिच्यातून बाहेर पडतं, क्षार तिच्यात साठतात, ती भुसभुशीत होऊन गळून पडते आणि वीस-तीस वर्षांनी गवंडी ती पुन्हा भरतो. दरजेचं कामच ते: दगडाच्या ऐवजी आपण झिजायचं. सिमेंटने वाट बुजवली की पाणी दगडाच्या कडेतून निघतं, क्षार पृष्ठभागावर न येता दगडाच्या आत दोन-तीन मिलिमीटरवर स्फटिक धरतात आणि पापुद्रा सोलून निघतो. शिवाय सिमेंट स्वतःचे सोडियम-पोटॅशियमचे क्षार घेऊन येतं, ते वेगळंच. पारदर्शक पॉलिश, सिलिकॉन, ऑइलपेंट ह्या सगळ्यांचा परिणाम तोच. पूड दिसायची थांबते, दगड आतून जातो.

दगडाऐवजी झिजणारा चुना काढून टाकला की काय होतं, ह्याचं जांभ्याचं उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जुन्या गोव्यातली बॉम जेझसची बासिलिका 1605 मध्ये पवित्र केली गेली, आणि तिच्या जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात तो काढून टाकला. आज फोटोत दिसणारा लाल रूबाब त्यामुळे आहे, आणि पावसाने दगड झिजतोय ही काळजीही त्यामुळेच. जांभा पाषाणापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो. कोकणातलं घर "चिरा दिसला पाहिजे" म्हणून सोलून काढणाऱ्यांनी एकदा विचार करावा.

सिमेंटची दरज काढताना ग्राइंडर लावू नका. पातं एकदा घसरलं की दगडाच्या कडेवर कायमची खाच पडते. पाथरवटाची बारीक टाकी, हलका हातोडा आणि सबुरी. दरज मधोमध फोडायची, कडांकडे सरकायचं, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत. सिमेंट दगडाला इतकं चिकटलं असेल की काढताना दगडाचे टवके उडतात, तर तेवढी दरज सोडून द्या.

भरायला कळीचा चुना भिजवून निदान महिनाभर मुरवलेला, एक भाग; धुतलेली, खारी नसलेली वाळू तीन भाग; सततच्या ओलीची जागा असेल तर त्यात थोडी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. गूळ, हिरडा, मेथी, बेलफळाचं पाणी घालतात; मी गूळ आणि हिरडा जपून वापरतो, गुळाचं पाणी जास्त झालं तर मुंग्या येतात आणि दरज मऊ राहते. भरण्याआधी दगड ओला करा, भरल्यावर ओलं गोणपाट टांगून आठवडाभर ओल टिकवा. चुना सुकून नाही, हवा घेऊन कडक होतो, त्याला घाई चालत नाही. पावसाळ्यात आणि एप्रिल-मेच्या उन्हात हे काम घेऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ.

उरलेले क्षार ओढून काढणं

पाणी थांबलं, दरजा झाल्या, तरी भिंतीत जुने क्षार आहेतच. त्यांच्यासाठी कागदाचा लगदा. छपाई नसलेला कागद साध्या, शक्यतो क्षार नसलेल्या पाण्यात भिजवून कुटायचा आणि ओल्या केलेल्या दगडावर बोटभर जाड थापायचा. सुकेपर्यंत ठेवायचा. पाणी बाहेर येताना क्षार लगद्यात आणतं. सुकलेला लगदा फेकून द्यायचा, पुन्हा वापरायचा नाही. तीन-चार फेऱ्या लागतात. बोअरचं पाणी वापरू नका, आमच्याकडच्या बऱ्याच बोअरच्या पाण्यातच इतके क्षार असतात की काढायला गेलात ते घालून याल.

आधी सपाट, बिनकोरीव दगडावर एक हात करून बघा. कोरीव कामावर लगदा स्वतः थापू नका. सुटलेला पापुद्रा लगद्यासोबत निघून येतो, आणि तो पापुद्रा म्हणजे कुणीतरी टाकीने काढलेली नथ असते.

थांबा

ह्यापुढे हौस नको. खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर हत्यारं खाली ठेवा.

भिंतीला पोट आलंय. लांब ओळंबा सोडून बघा. मधे फुगलेली असेल तर आतला भराव बसलाय आणि बाहेरचा थर सुटा उभा आहे. अशा भिंतीतली एक दरज उकरली तरी दगड येऊ शकतो. जुन्या भिंतीखाली माणसं दबतात ती अशीच, म्हणून इथे संवर्धनाचं काम केलेला स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. भेगेवर पेन्सिलीने तारीख घातली आणि महिन्यात भेग पुढे गेली, तरी हेच.

सांध्यातून तांबूस ओघळ येतोय आणि जवळचा दगड कोपऱ्यातून फुटलाय. जुन्या बांधकामात दगड एकमेकांना लोखंडी पकडींनी जोडून वर शिसं ओतलेलं असतं. लोखंड गंजलं की फुगतं. पकड काढणं म्हणजे वरचा भार कुणीतरी पेलून धरणं. अख्ख्या दगडावर सारखी बदामी झाक असेल तर मात्र घाबरू नका. खडकातल्याच लोहाची ती कातडी आहे.

कोरीव काम, शिलालेख, वीरगळ, रंग किंवा शेंदराचा थर. लाकडी दांड्याने हलकं वाजवा: खणखणीत वाजला तर दगड धड, बद्द वाजला तर आत पापुद्रा सुटलाय. बद्द वाजणाऱ्या कोरीव दगडाला ब्रशसुद्धा लावू नका, प्रशिक्षित संवर्धक बोलवा. मूर्तीला तर हात लावण्याचा प्रश्नच नाही.

मांजऱ्या दगड, जो मी मघाशी डोक्यात ठेवायला सांगितला होता. तो हाताला चुरतोय आणि त्यावर भार आहे, खांबाचा किंवा कमानीचा, तर दगड बदलण्याचा निर्णय एकट्या गवंड्याचा नाही.

आणि वास्तू संरक्षित आहे. केंद्राचा 1958 चा कायदा आहे, राज्याचा 1960 चा आहे. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी 200 मीटर परवानगीशिवाय काम नाही. तुमचा वाडा त्या हद्दीत येत असेल तर दुरुस्तीआधी पुरातत्त्व खात्यात चौकशी करा. "फक्त दरजा भरतोय" हे उत्तर तिथे चालत नाही.

माणूस बोलावताना फोनवर त्याला एकच विचारा: दरजा कशाने भरणार? "सिमेंटमध्ये थोडा चुना मिसळू" असं म्हणाला तर नमस्कार करून फोन ठेवा.

नंतर काय अपेक्षा ठेवायची

जाड भिंत सुकायला ढोबळ हिशोब इंचाला एक महिना. दोन फुटी भिंत दोन्ही बाजूंनी सुकली तरी वर्ष जातं. म्हणून पहिल्या हिवाळ्यात पूड येणारच, कधी आधीपेक्षा जास्त, कारण आतलं पाणी क्षार घेऊन बाहेर पडतंय. घाबरून काही लावू नका. ओलीची वरची कड जिथे दिसते तिथे दरजेवर खडूची रेघ मारा, शेजारी महिना लिहा. एका वाड्यात माझ्या तीन रेघा अजून आहेत: पहिली कमरेला, दुसरी गुडघ्याच्या चार बोटं वर, तिसरी जोत्याच्या गोलाईवर. वाड्याच्या काकू दसऱ्याला भिंती पुसतात पण त्या रेघांना फडकं लावत नाहीत.

आलेली पूड काथ्याच्या नाहीतर केसांच्या मऊ ब्रशने कोरडीच झाडा. पाणी लावलं की ती पुन्हा आत जाते. झाडताना खाली वर्तमानपत्र अंथरा आणि पूड त्यात गोळा करून लांब टाका. भिंतीच्या पायथ्याशी पडू दिली तर पहिल्या पावसात विरघळून परत भिंतीतच चढते.